तुटक रेघ

दिसणारा भ्रंश नकाशावर सलग रेघेनं काढतात,
मातीखाली गेलेला तुटक.
रिवणच्या पानावर माझी सगळी रेघ तुटकच होती,
आग्नेयेकडून वायव्येला, पट्टी ठेवून ओढलेली,
आणि तिच्यावरून, पट्टी न ठेवता,
कुशावती वाहत होती.

नदी एरवी सरळ चालत नाही.
उतार दिसेल तशी वळते, गाळ टाकते,
मग आपल्याच गाळाला वळसा घालते.
सरळ चालते ती फक्त कुणाच्या तरी मागून.

पुलासाठी चार भोकं घ्यायची होती.
पहिलं: सात मीटरवर कातळ, ठणठणीत,
नळीतून अखंड निघाला, हातभर लांब.
दुसरं: सात मीटर वीस.
तिसरं, जेमतेम चाळीस पावलांवर:
अकरा, एकोणीस, सव्वीस, एकतीस,
आणि नळीत नुसतं पीठ.
हिरवट, चिकट, बोटाला लोण्यासारखं लागणारं.
मॅडम, बिट गेलं, रुझार म्हणाला.

बिट गेलं नव्हतं.
दोन कातळ एकमेकांना घासून गेले
की मधल्यांचं असंच होतं.

भ्रंश हा शब्द मला आधी घरात कळला,
वडिलांच्या केसपेपरवर, स्मृतीच्या पाठीला जोडून आलेला.
तेही असंच: वर सगळं जागच्या जागी,
चष्मा, चहा, सहीसुद्धा,
आणि खाली, फार खाली, काहीतरी सरकलेलं.
मग बोलणं त्याच फटीतून वाहायचं
दर संध्याकाळी, वाळपईच्या कुठल्याशा शाळेकडे.

शाबी वेळीप रोज येऊन बसायचा, कोयता मांडीशी धरून.
एकतिसाव्या मीटरचं पीठ त्यानं चिमटीत घेतलं,
हुंगलं, काष्टीला पुसलं.
"हांगा घर बांदिनात," म्हणाला. "देवचाराची वाट."
कुठून कुठे?
त्यानं हात लांब केला: पाण्यावरून, बांबूंच्या बेटामधून,
पलीकडे काजूच्या डगरीतल्या खाचेकडे.
मी होकायंत्र काढून त्याच्या बोटामागे धरलं.
तीनशे अठरा अंश.
माझी रेघ तीनशे विसाची.
दोन अंश मी त्याला सोडून दिले,
किंवा त्यानं मला.

मग मी त्याला माझं सांगितलं.
तळाचा दगड तीनशे कोटी वर्षांच्याही आधीचा,
तो फाटला; त्यावर हे सगळं नंतर साचलं,
दुमडलं, उघडं पडलं, गंजून जांभा झालं.
भेग खालीच राहिली, पण वरचा प्रत्येक थर
तिथं आला की जरासा कच्चा पडत गेला,
जशी एकाच घरातली मुलं एकाच शब्दाला अडखळतात.
कधीतरी पाणी आलं. त्यानं हात लावून पाहिलं
आणि जिथं लागलं तिथं उतरलं.

शाबीनं विडी विझवली.
"न्हंय मागीर आयली," म्हणाला. "वाट आदींच आशिल्ली."
एवढ्यासाठी मला चार वर्षं लागली होती
आणि एक स्कॉलरशिप.

चौथ्या भोकात पुन्हा कातळ लागला, आठ मीटरवर.
अहवालात लिहिलं: तिसरा खांब घेऊ नये.
दोन आणि चारमधला गाळा लांबवावा.
खालून वाट मोकळी ठेवावी.
शेवटचं वाक्य खोडलं. मग थांबून पाहिलं,
तर खोडलेलंही वाचता येत होतं.

दोन महिन्यांनी पणजीहून फोन:
खर्चाच्या पत्रकात हे काय लिहिलंय?
रोट एक, विडीचा कट्टा एक, हुर्राक पाव बाटली?
किरकोळात टाका, मी म्हटलं.
पावती?
पावती नाही.
बाटली सकाळी रिकामी होती हे खरं,
आणि रुझार शपथेवर सांगत होता
की तो रात्रभर रिगजवळून हलला नव्हता.